अडीचशेतलं एकशे सतरावं

जळगाव,
२ फेब्रुवारी २०२५

चि. दिपू,

आशीर्वाद आहेच, तो काही ब्लॉक करता येत नाही. फोन तू उचलत नाहीस. आईच्या फोनवरून लावला तर माझा आवाज ऐकून ठेवून देतेस. म्हणून पत्र. शेवटचं पत्र मी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी लिहिलं असेल, तेही सावद्याच्या एका व्यापाऱ्याला शिव्या घालायला. अक्षर लागलं नाही तर समजून घे.

तू धुळ्याला वच्छलामावशीकडे नीट आहेस, कॉलेजात शिकवायला जातेस, एवढं आईकडून कळतं. बरं आहे. राग आला की माणसानं मावशीकडे जावं, दोन दिवस राहावं, परत यावं. तुझे तीन आठवडे झाले.

आधी कामाचं लिहितो. बारा जानेवारीचं प्रकरण तालुक्याच्या पोलिसांनी आकस्मिक मृत्यू म्हणून नोंदवलं आहे. रुपचंदशेठ, बाकीची मंडळी, मी, सगळ्यांचे जबाब झाले. भुरा आपल्या सातपुड्याकडच्या मळ्याचा राखणदार होता, पट्टीचा पोहणारा होता, भरीत पार्टी म्हणून थोडी घेतलेली होती, हौसेनं धरणात उतरला, वर आला नाही. वाईट झालं. राहिला तो फक्त तुझा जबाब. दरवेळी तू तब्येतीचं कारण सांगतेस. आणि त्या दिवशी काठावर उभी राहून तू फोनवर जे शूटिंग करत होतीस, ते काढून टाक. त्यात काही नाही, मला माहीत आहे. पण लोक अर्धवट ऐकतात आणि पूर्ण बोलतात.

घर सोडताना तू उंबऱ्यात उभी राहून म्हणालीस, "एका घड्याळासाठी, पप्पा?" ते "एका" माझ्या कानातून जात नाही. म्हणून आज तुला सांगतोच, ते घड्याळ म्हणजे काय.

जळगावात सोन्याला कोण विचारतं? इथे ज्याच्या त्याच्या बोटात अंगठी आहे. माझ्याही हातात सोन्याचंच घड्याळ होतं. सहा वर्षांपूर्वी दिल्लीच्या विमानतळावर माझ्या शेजारी एक माणूस बसला होता. चुरगळलेला शर्ट, पायात चपला, मनगटावर स्टीलचं जाडसर घड्याळ. समोरून दुसरा एक अनोळखी माणूस आला. त्यानं ते घड्याळ पाहिलं आणि नुसती मान हलवली. यानंही हलवली. बस. एक शब्द नाही, नाव-गाव नाही. माझ्या सोन्याकडे दोघांपैकी एकानंही पाहिलं नाही. मी केळीचे चाळीस ट्रक दिल्लीला पाठवणारा माणूस, दिपू, आणि त्या खुर्चीवर मी कुणीच नव्हतो.

तेव्हापासून मी शोधत होतो. हे घड्याळ नुसतं दुकानात जाऊन मिळत नाही. आधी त्यांच्याकडची दुसरी दोन घ्यावी लागली, मग त्यांनी माझं नाव यादीत घातलं, मग तीन वर्षं थांबलो. साऱ्या जगात अडीचशे. मागच्या बाजूला आकडा कोरलेला: एकशे सतरा. मुंबईच्या दुकानात विक्रेत्यानं पांढरे हातमोजे चढवले आणि डबी उघडली, तेव्हा तुझी आई हसली होती. मला हसू आलं नाही. निळी तबकडी अशी की कडेला जवळजवळ काळी. अंधारात काटे हिरवे उजळतात. पाणबुड्यांचं घड्याळ, सहाशे मीटर पाण्याखाली चालणारं. त्यानं काचेभोवतीची कडी फिरवून दाखवली. तिच्यावर मिनिटं असतात. पाण्यात उतरताना ती लावायची, म्हणजे खाली किती वेळ गेला ते कळतं. कडी एकाच दिशेनं फिरते. दगडाचा धक्का लागला तरी ती वेळ गेला त्यापेक्षा जास्तच दाखवेल, कमी कधीच नाही. "सर, माणूस वेळेत वर यावा म्हणून," तो म्हणाला. बनवणाऱ्यांनी किती विचार केलाय बघ.

मला पोहता येत नाही, हे तुला माहीत आहे. चव्वेचाळीस डिग्रीच्या गावात समुद्राच्या तळाचं घड्याळ, म्हणून तू चेष्टाही केलीस. कर. पण गेल्या वर्षी दुबईला लिफ्टमध्ये एका गोऱ्या माणसानं माझ्या हाताकडे पाहिलं आणि मान हलवली. मी पण हलवली.

आखाजीच्या सणाला लेकी माहेरी येतात. तू माहेर सोडून गेलीस, तरी आखाजीला ये. तोवर ते शूटिंग काढून टाक.

तुझा,
पप्पा

---

जळगाव,
१६ फेब्रुवारी

दिपू,

उत्तर आलं. तेही पोस्टकार्डावर! "घड्याळावर दोन पानं आणि भुरावर दोन ओळी. तो प्यायलेला नव्हता. तिथे काय झालं ते तुमच्या हातानं खरं लिहा. खरं लिहिलंत तर व्हिडिओ काढून टाकीन आणि आखाजीला येईन." पोस्टमननं वाचलं असेल, वॉचमननं वाचलं असेल. पुढच्या वेळी पाकीट वापर. शिकलेली आहेस ना?

तू तिथेच उभी होतीस, सगळं पाहिलंस. तरी बापाकडून लिहून हवं. ठीक आहे. शाळेत तुझी मास्तरीण तुला चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला लावायची, तसं समज. एकदाचं लिहितो आणि विषय संपवतो.

धरणाच्या काठावर आम्ही पाच जण, तू सहावी. भुराचा साडू बबलू तुरीच्या काड्यांवर वांगी भाजत होता. ऊन छान होतं. रुपचंदशेठनं स्वतःचं घड्याळ काढून सतरंजीवर ठेवलं. त्याच्याकडेही तेच आहे, दोनशे तिसावं. सराफ्यातला माणूस, त्याला माझ्यानंतर मिळालं, ते त्याला खुपतं. तो म्हणाला, "भंगाळे, तुमचं पाण्यात गेलंय का कधी? की नुसतं हात धुताना?" सगळे हसले. तू पण हसलीस, दिपू. हे विसरू नकोस.

मी म्हणालो, तुमचं तरी गेलंय का? तो म्हणाला, "मी कुठं म्हणतो मी पाणबुड्या आहे?"

भुरा जवळच लाकडं फोडत होता. धरणात कुणी बुडालं की पोलिसांची जीप त्याच्याच झोपडीशी थांबायची. आठ-दहा वर्षांत त्यानं किती प्रेतं वर काढली असतील, देव जाणे. मी हाक मारली. म्हटलं, भुरा, हे हातात घालून बुडी मारशील? तो लाजला. हात सदऱ्याला पुसले. केळीच्या चिकानं काळे झालेले हात, पुसून काय होणार? पट्टा त्याला सैल होत होता. मी शेवटच्या खाचेपर्यंत आवळून दिला. माझ्या हातानं. म्हणजे मी सांगितलं म्हणून तो गेला, हे कबूल. हौसेनंच गेला, पण मी सांगितलं.

पहिल्यांदा वर आला तेव्हा तोंडभर हसत होता. आम्ही विचारलं, चालू आहे का? तो म्हणाला, "शेठ, खाले काहीच दिसत नही, पन हाई दिसस." आठवतं? खाली गच्च अंधार, आपलाच हात दिसत नाही, आणि हिरवे काटे तेवढे दिसतात. मी दोन वर्षं ते मनगटावर बाळगलं, मला कधी दिसलं नाही ते त्याला दिसलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग रुपचंद म्हणाला, हातभर पाण्यात कुठलंही घड्याळ चालतं, तळ गाठा. म्हणून दुसऱ्यांदा. भुरा मूठभर गाळ घेऊन वर आला आणि तो त्यानं रुपचंदच्या पायाशी टाकला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्यांदा मात्र तो स्वतःहून गेला.

झालं. आता कापसाचा गादीवाला येणार आहे, तुझ्या खोलीतली गादी पिंजून घेतो.

पप्पा

---

जळगाव,
९ मार्च

दिपू,

पाकीट वापरलंस, आभार. आत चिठ्ठीवर एकच ओळ: "तिसऱ्यांदा स्वतःहून नाही." एवढ्या एका ओळीसाठी तिकीट कशाला वाया घालवायचं?

तुझी आई माझ्याशी बोलत नाही. ताट ठेवते आणि आत जाते. मी घड्याळ घातलेलं असलं की वाढायलासुद्धा थांबत नाही. म्हणते वास येतो. मी पट्टा तीनदा साबणानं धुतला, मऊ ब्रशनं, खाचाखाचांतून. वास कसला येणार? स्टीलला वास नसतो.

भुराच्या बायकोची, रुपलीची काळजी मी घेतली नाही, असं तू मावशीजवळ म्हणालीस म्हणे. घेतली. भुराच्या तेराव्याच्या आधीच तिला आपल्या पॅकिंगच्या शेडवर कामाला लावली. केळीच्या फण्या धुवायच्या, टाक्यात उभं राहून. बसून खाण्यापेक्षा बरं. पहिले दोन दिवस ती पाण्यात उतरेना, नुसती काठाला उभी राहिली. मग मुकादम ओरडला, तेव्हा उतरली. आता चांगली धुते. जबाबावर अंगठाही तिनं काही कुरकुर न करता दिला. आपल्या वकीलसाहेबांनी कागद तिला वाचून दाखवायची गरज पडली नाही.

आता तुझं तिसऱ्यांदा.

दुसऱ्या बुडीनंतर भुरा काठावर बसला. दात वाजत होते, जानेवारीचं पाणी. त्यानं घड्याळाकडे पाहिलं आणि विचारलं, "शेठ, रुपलीले दाखाडी येऊ का?" झोपडी तिथून शंभर पावलांवर. मी म्हणालो, दाखव की, पण आधी एकदा कडी लावून जा. घड्याळ कशासाठी बनवलंय ते तरी होऊ दे. कडी मी लावली. तीन मिनिटं. तो म्हणाला, "आते छाती भरी उनी, शेठ. जरासा दम लेऊ द्या." तू म्हणालीस, "पप्पा, पुरे." मी तुला काय म्हणालो ते तुला आठवत असेल. "तुझ्या बापाला कळतं." आणि त्याला म्हणालो, तीन मिनिटं राहून आलास तर जेवण होईपर्यंत घड्याळ तुझ्या हातात. तो उठला.

म्हणजे स्वतःहून नाही. झालं तुझ्या मनासारखं?

एक गोष्ट सांगतो, ऐकून तुला तरी कळेल. परवा रुपचंद घरी आला होता. चहा पिता पिता माझ्या मनगटाकडेच बघत होता. शेवटी म्हणाला, "भंगाळे, बदलता का? माझं घ्या, वर आणखी एक घ्या, कुठलंही." मी विचारलं, का? आकड्यातच काय तो फरक. तो म्हणाला, "असं कसं? दोनशे एकोणपन्नास कपाटात पडलेली. हे एकच खरं वापरलं गेलंय. अख्खी रात्र पाण्याखाली, तेही..." असल्या घड्याळांना इतिहास असला की लोक वेडे होतात म्हणे, बाहेरदेशी कुणी युद्धात घातलेलं, कुणी बुडालेल्या जहाजातलं. इतकी वर्षं तो माझ्याकडे नाक वर करून बघायचा, दिपू. त्या दिवशी त्याचा चहा गार झाला तरी कळलं नाही त्याला.

मी नाही म्हणालो. सांगून टाकलं, मरेपर्यंत देणार नाही.

तू येतेस ना?

पप्पा

---

जळगाव,
६ एप्रिल

दिपू,

आई तुझ्याकडे पोचली असेल. बॅगेत चार साड्या आणि देव्हाऱ्यातला बाळकृष्ण घेऊन गेली. मी दारात उभा होतो, अडवलं नाही. बायका माहेरच्या माणसांत चार दिवस राहिल्या की निवळतात. पण घरात दोन माणसं कमी झाली की पंख्याचासुद्धा आवाज येतो, हे मला माहीत नव्हतं. स्वयंपाकाला बाई लावली आहे. तिच्या पिठल्यात गुठळ्या असतात.

तुझी चिठ्ठी टेबलावर आहे. "बबलूचं लिहा. मग मी विचारणार नाही." पोलिसाच्या घरात जन्माला यायची होतीस.

लिहितो. कारण तू माझी आहेस आणि तुझ्याशिवाय हे मी कुणाला लिहिणार? वाचलंस की जाळ. मावशीच्या गॅसवर जाळ, राख बेसिनमध्ये सोड.

भुरा खाली गेला तेव्हा मी रुपचंदचं घड्याळ हातात घेऊन वेळ बघत होतो. दोन मिनिटं झाली तोवर काही नाही. मग बुडबुडे आले. एकदम खूप आले, मग थांबले. बबलू वांगी टाकून धावत आला. "शेठ, बुडबुडा उनात, काहीतरी व्हयनं, मी जास." सदरा काढायला लागला. मी त्याचा दंड धरला. म्हणालो, थांब, अजून चाळीस सेकंद आहेत. मध्ये गेलास तर सगळी मजा जाईल. तो म्हणाला, शेठ, सोडा. मी सोडला नाही. माझी पकड चांगली आहे, तुला माहीत आहे. तू किंचाळलीस. रुपचंद खाली बघत होता, माझ्याकडे नाही, घड्याळाकडे. बरोबर तीन मिनिटं झाल्यावर मी हात सोडला.

बबलूनं सहा-सात बुड्या मारल्या. पाणी गढूळ झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सापडला, तेव्हा तू नव्हतीस, म्हणून हे तुला माहीत नाही. पाय जुन्या जाळ्यात गुरफटला होता. कुणीतरी कधीकाळी तुटलेलं जाळं तसंच टाकून दिलेलं. बबलू तेव्हाच उतरला असता तर त्यानं सोडवलं असतं. तो धरणातलाच माणूस आहे, जाळ्यातून माणसं काढलेली आहेत त्यानं. डॉक्टरही तेच म्हणाला, पण कागदावर नाही.

भुराला काठावर ठेवलं. पोलीस यायचे होते. डाव्या मुठीत गाळ होता. म्हणजे तळ त्यानं गाठला होता. उजव्या मनगटावर घड्याळ. हात सुजला होता, पट्टा मांसात रुतला होता, खटका निघेना. मी बसलो, रुमालानं धरला आणि काढला. चालू होतं. माझ्या मोबाइलशी ताडून पाहिलं, दोन सेकंदांचासुद्धा फरक नाही. तुला खरं हवं होतं ना? मला आनंद झाला. आधी तो झाला, मग बाकीचं वाटलं. मी वर पाहिलं तर रुपली माझ्यासमोर उभी होती. तिला वाटलं असेल, मालक तिच्या नवऱ्याचा हात धरून बसलेत. तिनं माझ्या पायावर डोकं ठेवलं. मी घड्याळ खिशात घातलं.

आता काही राहिलं नाही. मनाचा तळ म्हणतात तो हाच असेल, खरवडून दिला तुला.

तीस तारखेला आखाजी आहे. आंब्याच्या पेट्या सांगून ठेवल्या आहेत. गच्चीवरच्या कड्यांना झोपाळा बांधायला माणूस बोलावला आहे. तू लहान असताना वर जाताना डोळे मिटायचीस आणि खाली येताना उघडायचीस. आईला घेऊन ये. ड्रायव्हर पाठवू का, ते कळव.

तुझा,
पप्पा

---

धुळे,
२४ एप्रिल २०२५

पप्पा,

हे पत्र जळगावला निघालेल्या जीवराममामांच्या हातानं पाठवते आहे, म्हणजे आज दुपारीच तुम्हाला मिळेल. टपालानं उशीर झाला असता.

व्हिडिओ नाही. म्हणजे आहे, पण भुरानं रुपचंदकाकांच्या पायाशी गाळ टाकला आणि तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तिथपर्यंतच. तिसऱ्या वेळी मी फोन खाली केला होता. पुढचं कुठेच नव्हतं. तुम्हा पाच जणांचे जबाब सारखे, रुपलीचा अंगठा तुमच्याकडे. बबलूनं सांगितलं असतं, पण त्याला तुम्ही फेब्रुवारीतच गुजरातेत ऊसतोडीला पाठवून दिलंत. माझ्या एकटीच्या बोलण्याला बापावर रागावलेली मुलगी म्हणाले असते. वकीलसाहेब तेच म्हणणार होते ना?

आता तुमची चार पत्रं आहेत. तुमच्या अक्षरात, तुमच्या सहीनं.

पहिल्यापासून माझ्या मनात हे होतं असं समजू नका. पोस्टकार्ड टाकलं तेव्हा मला खरंच वाटत होतं की लिहिता लिहिता तुम्ही कुठेतरी थांबाल. एखाद्या ओळीत पेन अडेल. शप्पथ सांगते, मी प्रत्येक पाकीट उघडताना आधी शेवटचं पान बघायचे. तिसऱ्या पत्रात रुपचंदकाकांचा चहा गार झाल्याचं वाचलं, तेव्हा ठरवलं. चौथं पत्र मी मागितलं ते ठरवून मागितलं. तुम्हाला ते वाईट वाटेल. वाटू दे.

सोमवारी आम्ही तालुक्याच्या पोलीस ठाण्यात गेलो, मी आणि आई. साहेब नवीन आहेत. त्यांनी पत्रं दोनदा वाचली, मग विचारलं, अक्षर वडिलांचंच कशावरून? आईनं पदर सावरला आणि म्हणाली, "सत्तावीस वर्षं यांच्या किराणाच्या याद्या वाचते आहे, साहेब. हे त्यांचंच." मग तिनंच सही केली. गुन्हा नोंदवला आहे. बबलूला आणायला माणूस गेला आहे. घड्याळ जप्त करतील. ते कुठे कुठे ठेवता, हे आईनं सांगितलेलं आहे, तेव्हा हलवाहलव करू नका.

तिथून आम्ही रुपलीकडे गेलो. शेडवरून नुकतीच आली होती. पायांची कातडी पाण्यानं पांढरी पडून सोलवटली आहे, बोटांच्या बेचक्यांतून रक्त येतं. मी तिला सगळी पत्रं वाचून दाखवली, तिला कळेल अशा बोलीत. भुरा घड्याळ दाखवायला येऊ का म्हणाला, तिथे तिनं मला हातानं थांबवलं आणि तेवढं परत वाचायला लावलं. मग परत एकदा. नंतर म्हणाली, "आनी दारूनं कोठे लिखेल शे?" मी म्हटलं, पत्रात दारू नाही, तो प्यायला नव्हता. तिनं आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. "मंग मना अंगठा त्यासनी कसावर लिन्हा?"

मी सांगितलं.

मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर मला जवळ घेईल. मीच ही सगळी पत्रं मिळवली होती ना. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तू बी तठेच व्हती ना?"

होते, पप्पा. मी तिथेच होते. मी हसले होते, शूटिंग केलं होतं, आणि तुम्ही "तुझ्या बापाला कळतं" म्हणालात तेव्हा गप्प बसले होते. बबलूचा दंड तुम्ही एकाच हातानं धरला होता. मला तो सोडवता आला असता. मी नुसती किंचाळले. माझा जबाब मी हे सगळं घालून दिला आहे. तुमच्यापुढे त्याची प्रत ठेवतील, तेव्हा वाचा. रुपलीनं आम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि आम्ही निघालो तेव्हा दार लावून घेतलं.

आखाजीला मी येणार नाही. आईही येणार नाही.

पोलीस उद्या सकाळी आठपर्यंत येतील. लवकर आंघोळ करून घ्या. नाश्ता करून घ्या, बाईला साधं काहीतरी करायला सांगा, रिकाम्या पोटी तुम्हाला चक्कर येते. रक्तदाबाच्या गोळ्या आईनं कपाटाच्या खालच्या खणात, हिरव्या डब्यात ठेवल्या आहेत. सकाळची एक घ्या आणि पूर्ण पट्टी वरच्या खिशात ठेवा. डॉक्टरांची चिठ्ठीपण सोबत ठेवा. चिठ्ठी नसेल तर आत गोळ्या घेऊ देत नाहीत म्हणे.

दिपमाला